लसीच्या सुरक्षिततेची तुलना : प्लेग व कोविड यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

२०२१ साली कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा मुंबईपासून कल्याण-कसारा लोहमार्गावरील खडवलीसारख्या गावापर्यंत एकच प्रश्न विचारला जात होता : कोविशिल्ड घ्यावी की कोव्हॅक्सिन? या प्रश्नात लसीचा प्रकार हाच सुरक्षिततेचा निकष गृहीत धरलेला आहे. हे गृहीतक कितपत टिकते, हे पाहण्यासाठी मुंबईतच जन्मलेल्या एका लसीचा इतिहास उपयोगी पडतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. रेल्वेने तो इतरत्र पसरू नये म्हणून कल्याण स्थानकावर उतारूंची वैद्यकीय तपासणी होत असे. याच काळात वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगचे जंतू वाढवून, ते उष्णतेने मारून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. (तुरुंगातील माणसाची 'स्वेच्छा' किती स्वतंत्र असते, हा प्रश्न अभ्यासकाने नोंदवून ठेवावा.) लस घेतलेल्यांना ताप व सूज येई, परंतु लागण व मृत्यू कमी झाल्याचे दिसून आले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. तत्पूर्वी उत्पादनाचा वेग वाढविण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली होती व नव्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड वगळले होते. साहजिकच चौकशी आयोगाचा संशय मुंबईच्या प्रयोगशाळेवर गेला आणि हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले. प्रत्यक्षात मुलकोवाल येथे बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटली उघडताना दुर्गंधीही आली नव्हती. धनुर्वाताचे जंतू तीत आधीपासून वाढत असते, तर ती यावयास हवी होती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तोवर पाच वर्षे लोटली होती.

लसीचा प्रकार, तिची निर्मिती आणि ती टोचण्याची रीत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलकोवालचा दोष तिसऱ्या ठिकाणी होता. शिक्षा मात्र दुसऱ्या ठिकाणी झाली.

कोविड लसींबाबत प्रश्न याहून निराळा आहे. कोविशिल्डमध्ये चिंपांझीचा सर्दीचा विषाणू वाहक म्हणून वापरला होता, तर कोव्हॅक्सिन ही हाफकिन यांच्या लसीप्रमाणे मृत जंतूंच्या परंपरेतील, निष्क्रिय केलेल्या संपूर्ण विषाणूची लस होती. प्लेटलेट घटून रक्ताच्या गुठळ्या होण्याचा दुर्मीळ धोका वाहक-विषाणू प्रकाराशी जोडला गेला, म्हणजे तो खरोखरच प्रकाराचा होता. मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविशिल्डबाबत गुठळ्यांच्या संभाव्य घटनांचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१ असल्याचे सांगितले. कोव्हॅक्सिनबाबत अशी एकही घटना नोंदली गेली नव्हती. मात्र ३ एप्रिल २०२१ पर्यंत कोविशिल्डच्या सुमारे ६ कोटी ८६ लाख, तर कोव्हॅक्सिनच्या जेमतेम ६८ लाख मात्रा दिल्या गेल्या होत्या. कोव्हॅक्सिनचा धोका कोविशिल्डइतकाच मानला, तरी तेवढ्या मात्रांत चारच घटना अपेक्षित ठरतात. तेव्हाच्या त्या शून्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

कोव्हॅक्सिनची अडचण वेगळीच होती. जानेवारी २०२१ मध्ये तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच तिला 'क्लिनिकल ट्रायल मोड'मध्ये परवानगी मिळाली व घेणाऱ्याकडून संमतिपत्र लिहून घेतले गेले. त्याला दुसरी लस निवडण्याची मुभा मात्र बहुधा नव्हती. येथे भायखळ्याची आठवण होते. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये 'लॅन्सेट'ने २५,७९८ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार लसीची परिणामकारकता ७७.८ टक्के होती. दहा लाखांत एखाद्यालाच होणारा अपाय एवढ्या चाचणीत दिसणे जवळजवळ अशक्य असते. एका लसीचा धोका मोजला गेला होता, दुसरीचा मोजावयाचा होता. आणि मोजला गेलेला धोकाच लोकांना अधिक भीतिदायक वाटला. २०२४ मध्ये ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांत अॅस्ट्राझेनेकाने हा दुर्मीळ परिणाम संभवतो असे मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे ती नवे रहस्य उघड झाल्यासारखी वाचली गेली. वस्तुतः ०.६१ हा आकडा तीन वर्षांपूर्वीच जाहीर झाला होता.