'दर्पणा'चे दोन स्तंभ

पेण-रोह्याकडील विद्यार्थी इंग्रजी व्याकरणाचे नियम घडाघडा म्हणतो. परंतु इंग्रजी वर्तमानपत्र हाती येताच अडखळतो. अडचण जुनी, आणि तिजवरील उपायही जुनाच. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले. त्यात एक स्तंभ मराठी, तर शेजारचा इंग्रजी असे. मराठीतून अर्थ आधीच कळल्यावर वाचकाचे लक्ष सहजच इंग्रजी शब्दयोजनेकडे वळावे. मराठीत क्रियापद अखेरीस बसते, इंग्रजीत कर्त्यामागोमाग येते, हा नियम न घोकताही डोळ्यांना दिसे. 1840 साली 'दर्पण' बंद पडले. उपाय मात्र उरला आहे. एकाच दिवसाची दोन पत्रे शेजारी ठेवून रोज एक बातमी ताडून पाहावी. घोकलेले व्याकरण परीक्षेपुरते टिकते. वाचनातून आलेले जन्मभर सोबत करते.