देवाची इच्छा, आणि आपली?

पाऊस फार झाला, नदी चढली, घरातलं कुणी गेलं, की आमच्या सिरोंच्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'देवाची इच्छा!' कुणी सटवाईने कपाळी लिहिलेलं म्हणतं, आम्ही ख्रिस्ती माणसं देवाची योजना म्हणतो. या वाक्याने मला बरीच वर्षं छळलं आहे. सगळं आधीच ठरलेलं असेल तर माझ्या निवडीला अर्थ काय? आणि काहीच ठरलेलं नसेल तर प्रार्थना कुणाच्या भरवशावर करायची?

गंमत अशी, की या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मिशनऱ्यांच्या सामानातून आपल्या मुलखात आलेली आहेत.

स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतले. त्यांच्या मंडळीचा विश्वासाचा जाहीरनामा १६४६ चा, वेस्टमिन्स्टरचा. जे जे घडतं ते देवाने अनादिकाळापासून नेमलेलं आहे, असं तो सांगतो. पुढे सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्ट मिशनचं ठाणं झालं. शाळा आली, दवाखाना आला. मेथडिस्टांचे गुरू जॉन वेस्ली. पूर्वनियोजनाच्या याच मुद्द्यावरून १७३९ च्या सुमारास त्यांचं आपल्या जिवलग मित्राशी, जॉर्ज व्हाइटफील्डशी बिनसलं. कृपा सगळ्यांसाठी आहे, ती घ्यायची की नाकारायची हे माणसाच्या हाती, हे वेस्लींचं म्हणणं. मी मेथडिस्ट घरातला, त्यामुळे माझा ओढा साहजिकच वेस्लींकडे.

पण हिस्लॉप मला सोडत नाहीत. सगळं नेमलेलं आहे असं मानणारा माणूस हातावर हात धरून बसेल, असं आपल्याला वाटतं. हे गृहस्थ मात्र शाळा चालवत होते, गोंडांची भाषा आणि गाणी टिपत होते, खडक फोडून जीवाश्म जमवत होते. आमच्याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याला १८८५ साली 'पॅरासुकस हिस्लोपी' हे नाव मिळालं, ते त्यांच्यावरूनच.

४ सप्टेंबर १८६३. रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते नागपूरजवळच्या टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहायला गेले होते. टेंपल पुढे निघाले, हिस्लॉप तिथली शाळा तपासायला मागे राहिले. परतताना अंधार पडला. वाटेतला ओढा पावसाने फुगला होता, त्यात ते बुडाले. वय ४५. गोंडांविषयीचे त्यांचे कागद पुढे १८६६ साली टेंपल यांनीच छापून आणले.

हे नेमलेलं होतं का? शाळेसाठी थांबणं तर त्यांनीच निवडलं होतं. मी बराच काळ इथेच अडकलो होतो. मग तो वेस्टमिन्स्टरचा जाहीरनामा नीट वाचला. देव सर्व नेमतो, असं सांगून तो लगेच बजावतो, की त्यामुळे देव पापाचा कर्ता ठरत नाही, माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही आणि दुय्यम कारणंही रद्द होत नाहीत. म्हणजे ओढा, पाऊस, अंधार, माणसाचा निर्णय, हे सगळं खरंच असतं. इतका कडक कॅल्विनवादीसुद्धा माणसाला सुट्टी देत नाही!

हे मला सर्वात जास्त पटलं ते जुलै २०२२ च्या पुरात. सिरोंचा तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली. खाली गोदावरीवर ८५ दरवाजांचं मेडीगड्डा धरण २०१९ पासून उभं आहे. त्याच्या फुगवट्याने शेतं बुडतात, ही इथल्या शेतकऱ्यांची तक्रार. पाऊस आभाळातून आला, हे खरं. पण धरण कुठे बांधायचं, दरवाजे कधी उघडायचे, बुडणाऱ्या शेताचा मोबदला किती, हे माणसांनी ठरवलेलं असतं. त्याला 'देवाची इच्छा' म्हणणं म्हणजे देवाच्या नावावर माणसांचा हिशेब खपवणं. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच धरणाचे खांब खचले, तेव्हा मात्र चौकशी माणसांचीच झाली.

फिलिप्पैकरांस लिहिताना पौलाने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत : आपलं तारण तुम्ही साधून घ्या, कारण तुमच्यात कार्य करणारा देव आहे. हा सांधा त्याने उलगडून दाखवलेला नाही आणि मलाही तो पुरता उलगडलेला नाही. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. माझ्या दुःखात मी 'देवाची इच्छा' म्हणेन, मला त्याचा आधार वाटतो. दुसऱ्याचं घर बुडालेलं असताना मात्र ते वाक्य तोंडातून काढणार नाही. तिथे आधी विचारायचं, आपल्याला काय करता येईल?