पूलचं पाणी स्वच्छ आहे, हे ठरवतं कोण?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं आणि हा घरच्या स्विमिंग पूलच्या गोष्टी सांगतोय. मान्य आहे. पण शेवटपर्यंत ऐका, कारण ही गोष्ट अमेरिकेतल्या एका अंगणात सुरू होते आणि मध्येच महाडच्या तळ्यावर पोहोचते.

आणि हो, पूल म्हणजे पोहायचा. नदीवरचा असता तर मी 'पुलाचं' म्हटलं असतं.

कामासाठी दोन वर्षं मी न्यू जर्सीत होतो. एडिसनजवळ माझे काका राहतात, त्यांच्या घरामागे पूल आहे. साधारण ७५ हजार लिटर पाणी. शनिवार-रविवार तिथे गेलो की माझ्या हातात जाळी नाहीतर ब्रश यायचा. आपण आयटीवाले, त्यामुळे मी त्याकडे एक सिस्टिम म्हणूनच बघायला लागलो. बांधून झाली की काम संपत नाही, खरं काम मेंटेनन्सचं. आणि तिथे ऋतू चार असल्याने मेंटेनन्सचे चार भाग पडतात. आजचा एपिसोडही तसाच चार भागांत.

वसंत: झाकण निघतं

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे असतो. त्याच्या आसपास पूल उघडायचे. आधी झाकणावर साठलेलं पाणी आणि कुजलेली पानं काढायची, मग झाकण. खालचं पाणी बहुतेक वेळा हिरवट असतं. पाइपांचे बूच काढायचे, पातळी वाढवायची, पंप आणि फिल्टर सुरू करायचे आणि मग क्लोरीनचा मोठा डोस द्यायचा. त्याला 'शॉक' म्हणतात. दोन-चार दिवसांत तळ दिसायला लागतो.

आता विचार करा, क्लोरीन नव्हतं तेव्हा काय करत? पूल भरायचा, लोकांनी आठवडाभर पोहायचं, पाणी फारच गढूळ झालं की सोडून द्यायचं आणि पुन्हा भरायचा. एवढंच. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १९०६ साली 'व्हिक्टोरिया बाथ्स' सुरू झाले. तिथे तीन पूल होते. ताजं पाणी आधी पहिल्या वर्गाच्या पुरुषांच्या पूलमध्ये, तिथे वापरून झालं की दुसऱ्या वर्गाच्या पुरुषांकडे, आणि सगळ्यात शेवटी बायकांच्या पूलमध्ये. म्हणजे समाजात तुमची पायरी कोणती, ते पाण्याच्या रंगावरून कळायचं.

हे बदललं ते क्लोरीनमुळे, आणि त्याची मोठी सुरुवात न्यू जर्सीतच झाली. जर्सी सिटीला पाणी पुरवणारी एक खासगी कंपनी होती. शहराने तिच्यावर दावा ठोकला, की करारात लिहिलंय तसं शुद्ध पाणी तुम्ही देत नाही. कंपनीचे सल्लागार होते डॉ. जॉन लील. त्यांचे वडीलही डॉक्टर. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्यांना हगवण लागली आणि वर्षानुवर्षं तिनेच त्यांना पोखरलं. दूषित पाणी काय करतं, हे लील यांनी घरातच बघितलं होतं. त्यांनी कुणाची परवानगी न घेता ठरवलं, की बून्टनच्या धरणाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालायची. जॉर्ज फुलर नावाच्या इंजिनिअरने ९९ दिवसांत यंत्रणा उभी केली आणि २६ सप्टेंबर १९०८ ला ती सुरू झाली.

लोक चिडले. पिण्याच्या पाण्यात रसायन? कोर्टात लील यांना विचारलं गेलं, की हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का? घरच्यांना पाजाल का? ते हो म्हणाले. १९१० मध्ये कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्या बाजूने अहवाल दिला. त्याच सुमाराला ब्राऊन विद्यापीठाच्या पूलमध्येही क्लोरीनचा प्रयोग झाला. पाणी फेकून न देता तेच स्वच्छ ठेवता येतं, हे दिसलं आणि आजच्या पूलचा पाया घातला गेला.

तुमचं गाव असेल, तर लील यांची ती पावडर तुम्ही पाहिलेली आहे. ग्रामपंचायतीत पाणी सोडणारे काका टाकीत टीसीएल कालवतात ना? तीच ही, भाऊबंदच म्हणा.

उन्हाळा: रोजची परीक्षा

जून ते ऑगस्ट पूल रोज वापरात असतो आणि रोज बिघडायला बघतो. घाम, सनस्क्रीन, गवत, पाऊस, सगळं पाण्यात येतं. काका सकाळी चहाच्या आधी टेस्ट किट घेऊन बसायचे. पाण्याचे दोन नमुने, त्यात थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा. त्याच्या वर गेला, की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही. मोकळं क्लोरीन दहा लाख भागांत एक ते चार भाग हवं. उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं, म्हणून सायन्युरिक ॲसिड घालतात. ते क्लोरीनचं सनस्क्रीन समजा. पीएच वाढला तर म्युरिॲटिक ॲसिड. आपण फरशी घासायला वापरतो तेच, हायड्रोक्लोरिक. काकांच्या गॅरेजमध्ये त्याचे दोन कॅन असायचे.

अजून एक गंमत. पूलला तो टिपिकल 'क्लोरीनचा' वास येतो ना, तो खरं तर पाणी बिघडल्याचा वास. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा. स्वच्छ पूलला जवळजवळ वास नसतो.

म्हणजे एका सार्वजनिक पूलचं पाणी स्वच्छ ठेवण्याचं तंत्र १९२०-३० पर्यंत हातात आलेलं होतं. टेस्ट किटला फक्त पाणी कळतं. पाण्यात उतरलेल्याची जात, वंश, पगार, यातलं काही कळत नाही. मग इतिहासात पुढे काय व्हायला हवं होतं? पूल सगळ्यांना खुले. झालं उलटंच.

न्यू जर्सीतच, हडसन नदीच्या काठावर, पॅलिसेड्स नावाचं करमणुकीचं मोठं पार्क होतं. १९१३ पासून तिथे खाऱ्या पाण्याचा प्रचंड पूल होता. कृष्णवर्णीय लोकांना पार्कमध्ये जाता यायचं, पण पूलच्या दाराशी अडवायचे. कारण काय, तर म्हणे हा क्लबच्या सभासदांचा पूल आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात 'कोअर' या नागरी हक्क संघटनेने तिथे आंदोलन केलं, लोकांना अटकाही झाल्या. लक्षात घ्या, हे दक्षिणेतलं अलाबामा नाही, न्यूयॉर्कच्या समोरचा काठ आहे.

आणि मग १८ जून १९६४. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन गाव, मॉन्सन मोटर लॉज. काळे आणि गोरे आंदोलक एकत्र, हॉटेलच्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पूलमध्ये उतरले. मॅनेजर जेम्स ब्रॉक आला आणि पाण्यात म्युरिॲटिक ॲसिड ओतायला लागला. फोटो आहे त्याचा: काठावर कॅन वाकवलेला माणूस आणि पाण्यात किंचाळणारी मुलगी. एवढ्या पाण्यात तेवढं ॲसिड पातळ होऊन जातं, त्यामुळे कुणाला मोठी इजा झाली नाही. पण तो फोटो जगभर छापला गेला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सिनेटने नागरी हक्क विधेयक मंजूर केलं आणि २ जुलैला त्याचा कायदा झाला.

काकांच्या गॅरेजमधला कॅन आणि तो कॅन, आत रसायन एकच.

हा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला महाड आठवलं. तुम्हालाही आठवलं असेल. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला होता, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले आहेत. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. आणि मग सवर्णांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. १०८ घागरी भरून शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतलं आणि मंत्र म्हटले.

आता जरा टेस्ट किट घेऊन त्या तळ्यावर उभे राहा. शेण म्हणजे जंतू. गोमूत्र म्हणजे नायट्रोजन. दूध-दही म्हणजे जंतूंचं जेवण. पूलच्या भाषेत बोलायचं तर हे सगळं क्लोरीन खाणारं. शुद्धीकरणाआधीचा नमुना नंतरच्या नमुन्यापेक्षा स्वच्छ निघाला असता. त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, दुसऱ्या धर्माची माणसं पीत होती, तेव्हा कुणाला घागरी आठवल्या नव्हत्या. कोर्टात हा वाद दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

पानगळ: बंद करायचे दिवस

सप्टेंबरचा पहिला सोमवार, लेबर डे. इथून पूल बंद व्हायला लागतात. ऑक्टोबरमध्ये मेपलची पानं अशी पडतात, की सकाळी काढलेली जाळी दुपारी पुन्हा भरते. पानं कुजली की क्लोरीन संपतं आणि तळाला डाग पडतात. म्हणून त्याआधीच झाकलेलं बरं.

काही शहरांनी मात्र पूल कायमचेच बंद केले. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत कोर्टाने उद्यानं सगळ्यांना खुली करायला सांगितली, तेव्हा शहराने १९५९ पासून उद्यानंच बंद करून टाकली आणि पूल मातीने बुजवला. म्हणजे काळ्यांना द्यायचा नाही, म्हणून गोऱ्यांनाही नाही! मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने पूल बंद केले, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७१ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी कोर्ट म्हणालं, पूल सगळ्यांसाठीच बंद आहे, तर भेदभाव कुठे?

मग गोरे लोक पोहायला गेले कुठे? एक तर खासगी क्लबमध्ये, नाहीतर स्वतःच्या अंगणात. १९५० मध्ये अमेरिकेत जमिनीत बांधलेले घरगुती पूल जेमतेम काही हजार होते. शतक संपेपर्यंत ते चाळीस लाखांच्या आसपास गेले. यात बाकीची कारणंही आहेत, ती लपवायला नकोत. पगार वाढले, शहराबाहेर मोठी अंगणं मिळाली, तंत्र स्वस्त झालं. काँक्रीट फवारून पूल बांधतात ना, त्या फवाऱ्याचा जनक कार्ल एकली हा शिकागोच्या म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब पुतळे करणारा माणूस होता! पण त्या मोठ्या अंगणांची घरं कुणाला विकायची आणि कुणाला कर्ज द्यायचं, हेही बराच काळ वंश बघूनच ठरत होतं. त्यामुळे अंगणातला पूल नुसत्या पैशाची खूण राहत नाही.

हिवाळा: झाकणाखाली

हिवाळ्यात पूल रिकामा करत नाहीत. हे मला नवीन होतं. रिकामा केला तर जमिनीतल्या पाण्याचा दाब अख्खा पूल होडीसारखा वर उचलू शकतो. म्हणून पातळी थोडी उतरवायची, पाइपांमधलं पाणी हवेने बाहेर फुंकायचं आणि बूच मारायचे. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, पाइपात राहिलं तर पाइप फुटणारच. मग झाकण ताणून बसवायचं. वर बर्फ, खाली पाणी तसंच.

इतिहासाचंही तसंच काहीसं झालंय. पाट्या गेल्या, कायदे आले, खाली मात्र बरंच काही तसंच आहे. अमेरिकेच्या सीडीसीने १९९९ ते २०१० ची आकडेवारी पाहिली. ५ ते १९ वयोगटात पूलमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय मुलांमध्ये गोऱ्या मुलांच्या साडेपाच पट होतं. ज्या आजोबांना पूलमध्ये उतरू दिलं नाही, ते पोहायला शिकले नाहीत. त्यांनी मुलांना शिकवलं नाही, मुलांनी नातवंडांना पाण्यापासून लांबच ठेवलं. पाटी काढायला एक दिवस लागतो, पोहणं घरात परत यायला दोन-तीन पिढ्या.

आता पुण्यात परत येऊ. माझ्या सोसायटीत पूल आहे. सकाळी सहाला एक दादा येतात, टेस्ट किट लावतात, क्लोरीन घालतात, फिल्टर उलटा धुतात. इथे चार ऋतूंची भानगड नाही, पण पावसाळ्यात पाणी बिघडतं तेव्हा त्यांचं काम दुप्पट होतं. पूलच्या भिंतीवर नियमांची पाटी आहे: घरकामगार आणि ड्रायव्हर यांना पूल वापरण्यास मनाई. कारण विचारलं, तर कमिटीतून एका शब्दात उत्तर आलं, 'हायजीन'. ज्यांच्या हातामुळे पाणी स्वच्छ आहे, त्यांच्या पायाने ते अस्वच्छ होतं! कुठल्या टेस्ट किटमध्ये हे दिसतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

खर्चाचा, गर्दीचा, जीवरक्षक नसण्याचा प्रश्न असेल, तर तसं लिहावं. त्यावर बोलता येतं, वेळा ठरवता येतात, फी ठरवता येते. पोहण्याआधी शॉवर सक्तीचा करा, सगळ्यांना, माझ्यासकट. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हा प्रस्ताव लेखी देणार आहे. बहुमत मिळेल असं वाटत नाही, पण इतिवृत्तात नोंद तर होईल.

तुमच्याकडे एक काम देतो. सोसायटीत पूल असेल, तर आज संध्याकाळी जाऊन पाटी वाचा. लिफ्टजवळची पाटीही वाचा. काय लिहिलंय ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, सोसायटीचं नाव नको, फक्त मजकूर. पुढच्या भागात त्यातल्या काही पाट्या आपण एकत्र वाचू.

चला, भेटू. काळजी घ्या, आणि पूलमध्ये उतरण्याआधी आंघोळ करा!