निशाणी डाव्या हाताचा अंगठा

आपल्या भाषेत अंगठ्याला फारसा मान नाही. लिहितावाचता न येणाऱ्यास आपण अंगठेबहाद्दर म्हणतो, आणि देणे बुडविणारा आपल्याला अंगठा दाखवितो. परंतु श्रोतेहो, गेल्या दहाबारा वर्षांत एक नवल घडले आहे. खिशातला फोन उघडावयाचा तर अंगठा, स्वस्त धान्य घ्यावयाचे तर अंगठा, नवे सिमकार्ड घ्यावयाचे तर पुष्कळदा अंगठा, कचेरीच्या दारात हजेरी लावावयाची तरी अंगठाच. बी.ए., एम.ए. झालेली मंडळीही आता अंगठेबहाद्दर झाली. हा अंगठा कागदावर आला कोठून, कोणी कोणाकडून घेतला, आणि तो खोटा निघाला तेव्हा भुर्दंड कोणावर पडला, याची थोडी हकीकत आपणापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. तेव्हा हा इतिहास आम्ही पगारपत्रकावर अंगठा उठविणाऱ्याच्या बाजूने वाचतो, हे आधीच सांगितलेले बरे.

जुन्या मराठी कागदांत कुणब्याच्या नावापुढे नांगराची आकृती काढून ‘निशाणी नांगर’ असे लिहीत. त्यावरून माणसाचा धंदा कळे, माणूस कळत नसे. पण साक्षीदार पंचक्रोशीतलेच असत, त्यामुळे भागून जाई. इंग्रजी अंमलात साक्षीदारापेक्षा कागद मोठा झाला, आणि ज्याला कागद वाचता येत नव्हता त्याची गाठ कागद लिहिणाऱ्याशी पडली. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा रोख सावकारापाशी असलेल्या कर्जरोख्यांवर होता. रोखे बाहेर काढून त्यांची होळी झाली. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी कायदा झाला, आणि शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे खत गावच्या रजिस्ट्रारसमोर झाले पाहिजे असे त्यात ठरले. घेणारा आणि देणारा यांच्यामध्ये तिसरा, जबाबदार मनुष्य उभा करणे ही यातील खरी गोष्ट. ती ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

अंगठ्याची कथा मात्र बंगालात सुरू होते. १८५८ साली, म्हणजे बंडाच्या दुसऱ्याच वर्षी, जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अंमलदार होता. युरेनस ग्रह शोधून काढणाऱ्या हर्शेलचा हा नातू. त्याने राज्यधर कोनाई नावाच्या इसमाशी रस्त्याच्या खडीचा, सुमारे दोन हजार मणांचा, करार केला. कोनाई सही करणार तोच हर्शेलने त्याचा हात थांबविला, त्याच्या तळव्याला शाई लावली आणि आख्खा पंजा कागदावर उठवून घेतला. आता गंमत पाहा. तो करारनामा कोनाईच्या स्वतःच्या अक्षरात होता! म्हणजे त्याला लिहिता येत नव्हते म्हणून पंजा घेतला असे मुळीच नव्हे. उद्या हा सही नाकारील, तेव्हा आजच त्याला धाक घालून ठेवावा, हा हेतू हर्शेलने पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. या पद्धतीचा जन्म अविश्वासातून झाला, आणि तो अविश्वास एकाच बाजूचा होता. खडीचे पैसे वेळेवर देण्याबद्दल सरकारने आपला पंजा कोनाईला दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

हर्शेल मोठा चिकाटीचा गृहस्थ. वर्षानुवर्षे त्याने स्वतःचे आणि इतरांचे ठसे घेतले आणि माणूस म्हातारा झाला तरी बोटावरील रेषा बदलत नाहीत हे पाहून ठेवले. १८७७ साली हुगळी येथे त्याने पेन्शन घेणाऱ्यांचे, दस्त नोंदविणाऱ्यांचे आणि तुरुंगातल्या कैद्यांचे ठसे घेण्यास आरंभ केला. एकाच शाईत पेन्शनर, जमीन विकणारा आणि गुन्हेगार या तिघांची बोटे बुडाली.

परंतु ठसे गोळा करणे निराळे आणि हजारो ठशांतून हवा तो शोधून काढणे निराळे. ही अडचण कलकत्त्यास अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी नोकरांनी सोडविली. दहा बोटांच्या रेषांवरून ठशांची वर्गवारी १,०२४ खणांत बसविण्याचे गणित हक यांचे. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. दोनच वर्षांनी पुराव्याच्या कायद्यात बोटांच्या ठशांना जागा मिळाली. १९०१ साली ही विद्या लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोहोचली. पद्धतीला नाव मात्र वरिष्ठ साहेबाचे, म्हणजे एडवर्ड हेन्री यांचे पडले. गिरणीत उमेदवारी केलेल्या कोणाही माणसाला याचे आश्चर्य वाटणार नाही.

हेच हेन्री साहेब १९०० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत पोलिस खाते उभारण्यास गेले, आणि त्यांच्यामागोमाग ठसेही गेले. १९०६ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सवाल सरकारने वटहुकमाचा मसुदा प्रसिद्ध केला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने दहाही बोटांचे ठसे देऊन दाखला घ्यावा, आणि कोणीही पोलिस मागेल तेव्हा तो दाखवावा. गांधीजींनी हेन्री साहेबांचे पुस्तक मिळवून वाचले, आणि कायद्याने ठसे फक्त गुन्हेगारांचे घेतात असे त्यांना त्यात आढळले. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली आणि पुढे ज्याला सत्याग्रह हे नाव मिळाले त्याची शपथ तेथे घेतली गेली. आपल्या स्वातंत्र्याच्या लढ्याचे मोठे हत्यार बोटांच्या ठशांवरून घडले, हे शाळेच्या पुस्तकात ठळकपणे सांगत नाहीत.

याहून मोलाचा भाग पुढचा आहे. १९०८ च्या जानेवारीत तडजोड झाली. सक्ती उठेल असे आश्वासन मिळाल्यावर गांधीजींनी लोकांना आपखुशीने ठसे देण्यास सांगितले, आणि १० फेब्रुवारीला स्वतः ठसे देण्यास निघाले असता वाटेत आपल्याच एका माणसाचा जबर मार खाल्ला. तरी त्यांनी बिछान्यावर पडल्या पडल्या ठसे दिले. काल जे पाप होते ते आज पुण्य कसे, असे लोक विचारीत. बोटे तीच, शाई तीच. फरक एवढाच होता की काल हुकूम होता आणि आज शब्दाला शब्द होता. सरकारने शब्द पाळला नाही, तेव्हा १६ ऑगस्टला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर दाखले जाळण्यात आले. सुप्याच्या होळीची आठवण आम्हांस येथे होते.

आता एकदम आपल्या काळात येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. ज्या आदिवासी माणसापाशी जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही, त्याला ‘मी अमुक’ असे सांगण्यास एक कागद मिळाला. या गोष्टीची टवाळी आम्ही करणार नाही. कागद नसल्याने अडलेली माणसे आम्ही फार पाहिली आहेत. पण बोटे आणि डोळे एका मोठ्या वहीत गेले, आणि मग प्रश्न उभे राहिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढल्या वर्षी सप्टेंबरात दुसऱ्या निकालाने आधार बहुतांशी टिकले, पण खाजगी कंपन्यांनी करारापोटी ते मागण्याची तरतूद रद्द झाली. त्यानंतर २०१९ साली कायदा दुरुस्त करून ग्राहकाच्या खुशीने ते वापरण्याची वाट पुन्हा उघडली. दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या माणसाची खुशी कितपत खुशी असते, हे ज्याने कोऱ्या कागदावर सही करून नोकरी धरली आहे त्याला विचारावे.

त्याच २०१८ साली तेलंगणात एक प्रकरण बाहेर आले. दस्तनोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर जमिनीच्या खतांच्या प्रती ठेवलेल्या होत्या, आणि त्यांवर लोकांचे अंगठे आणि आधार क्रमांक होते. सिमकार्डांच्या एका वितरकाने ते अंगठे उतरवून रबराचे ठसे बनविले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. नंतर अनेक राज्यांत अशाच बनावट बोटांनी आधारवर चालणाऱ्या यंत्रांतून लोकांच्या खात्यांवरील पैसे निघाले. तेथे कार्ड लागत नाही, फोनवर येणारा आकडाही लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट एवढे पुरते. हर्शेलने हुगळीच्या वहीत अंगठा घेतला तो फसवणूक थांबावी म्हणून. दीडशे वर्षांच्या आत तीच वही चोराच्या हाती साचा म्हणून आली. मग २०२३ साली बोट जिवंत आहे की बनावट हे पाहणारी नवी तपासणी आधार प्राधिकरणाने सुरू केली. आपले ठसे आपणच कुलूपबंद करण्याची सोय आधारच्या ॲपमध्ये आहे; ती वापरावी, पाच मिनिटांचे काम आहे.

फोनवरचा अंगठा आणि वहीतला अंगठा यांत मात्र फरक करावा. २०१३ साली ॲपलने अंगठ्याने उघडणारा फोन काढला, त्यात ठशाची गणिती खूण फोनमधल्याच एका बंद कप्प्यात राहते, कंपनीकडे जात नाही. जर्मनीतील जाणत्या मंडळींनी काचेवरील ठशाच्या छायाचित्रावरून तेही कुलूप थोड्याच दिवसांत उघडून दाखविले. पण त्यासाठी चोराला तुमचा फोन हाती लागावा लागतो. मोठी वही फुटली तर लाखोंची बोटे एकदम जातात. २०१५ साली अमेरिकन सरकारच्या नोकरभरती खात्यातून ५६ लाख माणसांचे ठसे चोरीस गेले. परवलीचा शब्द चोरीस गेला तर नवा ठेवता येतो. अंगठा गेला तर फार तर नऊ बोटे उरतात.

आणि भुर्दंड कोणाचा? २०१७ साली रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही, मधल्या यंत्रणेत कोठेतरी आहे, अशा वेळी खातेदाराने तीन कामकाजी दिवसांच्या आत कळविल्यास त्याने काही सोसावयाचे नाही. नियम चांगला. परंतु ज्याच्या खात्यावरून पैसे निघाले त्याला ते महिन्याने पासबुक भरताना कळत असेल, तर तीन दिवस कोठून धरावयाचे? सुप्याच्या शेतकऱ्यामागे १८७९ च्या कायद्याने निदान गावचा रजिस्ट्रार उभा केला होता.

आमच्या माहितीच्या एका कारखान्यात हजेरीला अंगठ्याचे यंत्र बसले. भांडी घासणाऱ्या बाया आणि गवंडीकाम करणारे यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या. यंत्र त्यांना ओळखीना आणि हजेरी बुडू लागली. युनियनने वही परत आणविली. यंत्र आणि वही दोन्ही चालतील असे ठरले. त्याच वेळी आम्ही लेखी तीन प्रश्न विचारले. ठसे कोठे ठेवले जातात, ते कोणाला पाहता येतात, आणि कामगार नोकरी सोडून गेल्यावर त्याचा ठसा केव्हा पुसला जातो. पहिल्या दोहोंची उत्तरे आली. तिसऱ्यासाठी आम्ही आतापर्यंत चार स्मरणपत्रे धाडली आहेत, आणि पाचवे या आठवड्यात जाईल.