भाड्याची छोटी क्रॉसओव्हर आणि कंपनीची पत

विमानतळावर उतरायचे, काउंटरवर वाहन परवाना आणि क्रेडिट कार्ड दाखवायचे आणि हाती येईल त्या किल्लीची मोटार घेऊन मार्गस्थ व्हायचे, ही अमेरिकेतील प्रवासाची रूढ रीत आहे. आगाऊ नोंदणी करताना ग्राहक मोटारीचा वर्ग निवडतो, विशिष्ट मॉडेल नव्हे. एखाद्या मोटारीचे नाव दिलेले असले तरी त्यापुढे ‘किंवा तत्सम’ असे शब्द असतात. या ‘तत्सम’मध्ये पूर्वी बहुधा सेडान मिळत असे, अलीकडच्या वर्षांत तिची जागा मोठ्या प्रमाणावर छोट्या क्रॉसओव्हरने घेतली आहे. स्वतः न निवडलेल्या या मोटारीशी ग्राहकाचा सहवास दोन-चार दिवसांचाच असतो. परंतु त्यातून तयार होणारे मत त्या एका मोटारीपुरते राहत नाही, ते बॉनेटवरील बोधचिन्हाला चिकटते. मोटार कंपन्यांच्या दृष्टीने भाड्याचा ताफा ही फुकटची जाहिरातही आहे आणि फुकटची बदनामीही.

क्रॉसओव्हर म्हणजे काय?

जुन्या पद्धतीची एसयूव्ही ट्रकप्रमाणे स्वतंत्र सांगाड्यावर उभी असे. क्रॉसओव्हरमध्ये मात्र प्रवासी मोटारीचाच पाया वापरलेला असतो. उंची, आसनांची बैठक आणि बाह्यरूप तेवढे एसयूव्हीचे असते. टोयोटाची रॅव्ह-४ १९९४ मध्ये आणि होंडाची सीआर-व्ही १९९५ मध्ये आली आणि हा प्रकार जगभर रुजला. त्यानंतर कंपन्यांनी त्याहून लहान, हॅचबॅकच्या पायावरील क्रॉसओव्हर काढल्या. फोर्डने फिएस्टा या छोट्या मोटारीच्या पायावर बेतलेली इकोस्पोर्ट २००३ मध्ये ब्राझीलमध्ये आणली, ती या वर्गातील आरंभीच्या मोटारींपैकी एक होय.

चेन्नईहून अमेरिकेला

इकोस्पोर्टच्या दुसऱ्या पिढीचे प्रथम दर्शन जानेवारी २०१२ मध्ये नवी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये घडले आणि २०१३ मध्ये ती भारतीय बाजारपेठेत आली. येथे तिची लांबी चार मीटरच्या आत बसविण्यात आली होती आणि त्यामागे करांचे गणित होते. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. या सवलतीच्या मर्यादेत एसयूव्हीचे रूप बसविण्याची किमया इकोस्पोर्टने साधली. मागील दाराबाहेर टांगलेली स्टेपनी ही तिची ओळख ठरली. पुढे मारुतीची व्हिटारा ब्रेझा २०१६ मध्ये, टाटांची नेक्सॉन २०१७ मध्ये आणि ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ मध्ये आली. या वर्गाचा पाया घट्ट करण्याचे श्रेय मात्र इकोस्पोर्टकडे जाते.

हीच मोटार २०१८ च्या आरंभी अमेरिकेत विक्रीस गेली आणि ती चेन्नईजवळच्या मरैमलाई नगर येथील कारखान्यातून निर्यात होत असे. अमेरिकी आवृत्तीत मागच्या दारावरील स्टेपनी काढून टाकली होती; दार मात्र वर न उचलता बाजूलाच उघडे. दाटीच्या पार्किंगमध्ये मागे मोकळी जागा नसली की सामान काढताना अडचण होई. एक लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आणि चारही चाकांना शक्ती पुरविणारे दोन लिटरचे इंजिन, असे दोन पर्याय होते. यातील लहान इंजिनाच्या कुळाने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ हा पुरस्कार पटकावला होता. तरीही अमेरिकी महामार्गांवर ही मोटार समीक्षकांच्या मनात भरली नाही. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मानांकनानुसार लहान इंजिनाच्या इकोस्पोर्टची सरासरी गॅलनला २८ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १२ किलोमीटर होती. त्याच वर्षीची, आकाराने बरीच मोठी असलेली टर्बो सीआर-व्ही गॅलनला ३० मैल देत होती. मोटार लहान, पण इंधनात बचत नाही, हा आक्षेप त्यामुळे खोडून काढणे कठीण होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मोटार मूलतः एकच. परंतु पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला ती ऐटदार वाटली, तर अमेरिकेतील ग्राहकाला तडजोडीची. भारतात तिची तुलना हॅचबॅकशी होत होती, तिकडे प्रशस्त क्रॉसओव्हरशी. पहिल्या प्रभावात मोटारीचे गुण जेवढे असतात, तेवढाच पाहणाऱ्याच्या अपेक्षांचा वाटा असतो.

ताफ्याचे गणित

भाड्याने मोटारी देण्याचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. हर्ट्झ या कंपनीचे मूळ १९१८ मध्ये शिकागोत फोर्डच्या मॉडेल-टी मोटारींवर सुरू झालेल्या व्यवसायात आहे. एव्हिस ही १९४६ ची. या कंपन्यांचा खरा खर्च मोटार घेण्याचा नसून तिच्या किमतीत होणाऱ्या घसरणीचा असतो. त्यासाठी दोन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत ठरावीक मुदतीनंतर, ठरावीक मैलांच्या आत, पूर्वनिश्चित किमतीला मोटार परत घेण्याची हमी उत्पादक देतो. दुसऱ्या पद्धतीत मोटार विकण्याची जोखीम भाडे कंपनीच पत्करते आणि त्या बदल्यात खरेदीत मोठी सवलत मिळवते.

उत्पादकाला यात मोह पडतो तो कारखाना चालू ठेवण्याचा. अमेरिकेतील बड्या कंपन्यांवर एकेकाळी कामगार करारांमुळे, काम नसतानाही कामगारांना वेतन देण्याचे बंधन होते. उत्पादन थांबवून खर्च फारसा वाचत नसे. मग तयार मोटारी ताफ्यात ढकलल्या जात. क्रायस्लरने १९८९ मध्ये थ्रिफ्टी व १९९० मध्ये डॉलर या भाडे कंपन्या विकत घेतल्या, तर फोर्डने १९९४ मध्ये हर्ट्झची संपूर्ण मालकी मिळविली आणि ती २००५ मध्ये विकली. विक्रीचे आकडे फुगत, पण वर्षभराने त्याच मोटारी एकाच वेळी जुन्या बाजारात येत. पुरवठा वाढला की भाव पडतो. भाव पडला की नवी मोटार घेणारा सामान्य ग्राहकही बिचकतो, कारण आपली मोटार विकताना काय मिळेल याचा हिशेब तो आधीच करतो. परिणामी नव्या मोटारीवर सवलत द्यावी लागते आणि सवलतीची मोटार म्हणून तिची पत आणखी घसरते. एकदा हे चक्र सुरू झाले की थांबविणे अवघड होते.

टॉरसचा धडा

या चक्राचे ठळक उदाहरण म्हणजे फोर्डची टॉरस. १९८५ च्या अखेरीस आलेल्या या सेडानने आपल्या रूपाने अमेरिकी बाजारात खळबळ उडवून दिली. १९९२ पासून १९९६ पर्यंत ती अमेरिकेत सर्वाधिक खपणारी प्रवासी मोटार होती. परंतु या आकड्यांत ताफ्यांच्या खरेदीचा मोठा भाग होता. पुढे तिची ओळख ‘भाड्याची मोटार’ अशीच झाली आणि अखेरच्या काळात तर ती प्रामुख्याने ताफ्यांसाठीच बनत राहिली. ऑक्टोबर २००६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. नवे मुख्य कार्यकारी अधिकारी अॅलन मुलाली यांनी २००७ मध्ये हे नाव दुसऱ्या मोटारीला देऊन पुनरुज्जीवित केले, पण गेलेले वैभव परतले नाही.

जनरल मोटर्सने वेगळा मार्ग चोखाळला. सॅटर्न हा ब्रँड बंद झाल्यावर त्याची व्ह्यू ही छोटी क्रॉसओव्हर, शेव्हरले कॅप्टिव्हा स्पोर्ट या नावाने २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत केवळ ताफ्यांना विकण्यात आली. सामान्य ग्राहकाला ती शोरूममध्ये मिळतच नसे. यामागचा हेतू उघड होता. ताफ्यांची भूक जुन्या मोटारीवर भागवायची आणि शोरूममधील इक्विनॉक्सची किंमत व प्रतिष्ठा राखायची. अर्थात, भाड्याने घेणाऱ्याच्या नजरेला बोधचिन्ह शेव्हरलेचेच दिसत असे.

सुरक्षिततेचा प्रश्न

भाड्याच्या मोटारीचा प्रश्न केवळ ऐटीचा नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियात भाड्याने घेतलेल्या क्रायस्लर पीटी क्रूझर मोटारीने पेट घेतला आणि ती ट्रकवर आदळून रेचेल व जॅकलिन हाऊक या दोन तरुण बहिणी मरण पावल्या. पॉवर स्टिअरिंगच्या गळतीमुळे आग लागण्याचा धोका असल्याने या मॉडेलच्या मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची सूचना आधीच निघाली होती. परंतु ती दुरुस्ती न करताच मोटार भाड्याने दिली गेली होती. नवी मोटार विकताना असा दोष दूर करणे विक्रेत्यावर बंधनकारक होते, भाड्याने देणाऱ्यावर मात्र तसे बंधन नव्हते. या बहिणींच्या आईने दीर्घकाळ पाठपुरावा केला. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये या बहिणींच्याच नावाने कायदा झाला आणि जून २०१६ पासून तो अमलात आला. ३५ हून अधिक मोटारींचा ताफा असलेल्या कंपनीने परत बोलावलेली मोटार दुरुस्तीविना भाड्याने देता कामा नये, असे तो सांगतो.

याचे महत्त्व इकोस्पोर्टच्या बाबतीतही दिसले. पुरस्कारप्राप्त एक लिटर इंजिनातील तेलाच्या पंपाशी निगडित दोषामुळे इंजिन बंद पडण्याची व ब्रेकचे साहाय्य कमी होण्याची शक्यता असल्याने, २०२३ च्या अखेरीस फोर्डने अमेरिकेत २०१८ ते २०२२ दरम्यानच्या इकोस्पोर्ट आणि त्याआधीच्या काही फोकस मोटारी परत बोलावल्या. दोन दिवस मोटार चालविणाऱ्याला असा दोष कळणे शक्य नव्हते. टिकाऊपणाचा निकाल वर्षांनीच लागतो.

भारतातील ‘टॅक्सीवाली गाडी’

भारतात हाच प्रश्न टॅक्सीच्या रूपाने येतो. पुण्यात जन्मलेली टाटा इंडिका १९९८ मध्ये कुटुंबाची मोटार म्हणून अवतरली. ऐसपैस जागा आणि डिझेल इंजिनाची काटकसर यांमुळे टॅक्सीचालकांनी तिला उचलून धरले. त्यातून खप वाढला, पण पिवळ्या पाटीची मोटार दारात कशी उभी करायची, ही मध्यमवर्गाची भावनाही वाढली. उलट टोयोटाची इनोव्हा २००५ पासून पर्यटक टॅक्सी म्हणून धावत असूनही तिची प्रतिष्ठा उणावली नाही. लाखो किलोमीटर धावूनही न कुरकुरणारी मोटार, हा अनुभव प्रवाशांनी मागच्या आसनावर बसून घेतला होता. ताफ्यात जाण्याने पत जातेच असे नाही. ताफ्यात मोटार कशी वागते यावर ते ठरते.

हे ओळखून कंपन्यांनी नावेच वेगळी केली. मारुतीने २०१२ मध्ये टॅक्सीसाठी डिझायर टूर काढली, तर टाटा मोटर्सने २०२१ मध्ये ताफ्यांसाठी एक्सप्रेस हा स्वतंत्र ब्रँड आणला. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोटारींना आपल्याकडे १९८९ च्या ‘रेंट-अ-कॅब’ योजनेने चौकट दिली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे ही त्यांची खूण होय.

उलटा फटका

पत घसरण्याचा फटका भाडे कंपनीलाही बसतो. करोनाच्या तडाख्यात मे २०२० मध्ये हर्ट्झने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्यातून सावरल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने टेस्लाच्या एक लाख विजेवरील मोटारी घेण्याची घोषणा केली. पुढे टेस्लाने नव्या मोटारींच्या किमती वारंवार उतरविल्या, तशी ताफ्यातील मोटारींची किंमतही घसरली. त्यात दुरुस्तीचा खर्च जड गेला. जानेवारी २०२४ मध्ये हर्ट्झने विजेवरील सुमारे २० हजार मोटारी विकण्याचा निर्णय जाहीर केला.

दोन दिवसांच्या परीक्षेची मर्यादा

भाड्याच्या मोटारीवरून आसनांचा आराम, बाहेरचे दिसणे, गिअर बदलण्यातील सफाई, रस्त्याचा आवाज, सामानाची जागा यांचा अंदाज नक्की बांधता येतो. शोरूममधील दहा मिनिटांच्या फेरीपेक्षा ही परीक्षा अधिक खरी असते. मात्र ताफ्यासाठी बहुधा खालच्या श्रेणीची आवृत्ती घेतलेली असते, अनेक अनोळखी हातांनी ती हाताळलेली असते आणि टायरमधील हवा योग्य असेलच अशी खात्री नसते. सुट्या भागांची किंमत, सेवा केंद्रांची वागणूक आणि पाच वर्षांनंतरची अवस्था यांविषयी ती काहीच सांगत नाही. ताफ्यातून निघालेली मोटार विकत घेताना म्हणूनच देखभालीची नोंद आणि परत बोलावण्याच्या सूचनांची पूर्तता तपासणे हिताचे ठरते.

फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील मोटार उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा आणि सुमारे चार हजार कामगारांवर परिणाम, असे तिचे स्वरूप होते. २०२२ मध्ये चेन्नईतील इकोस्पोर्टचे उत्पादन थांबले आणि अमेरिकी बाजारातूनही ती गेली. साणंदचा कारखाना जानेवारी २०२३ मध्ये टाटांकडे गेला. या निर्णयामागे अनेक कारणे होती, एका मोटारीच्या कीर्ती-अपकीर्तीवर तो उभा नव्हता. परंतु जी मोटार एका देशात वर्ग घडविणारी ठरली आणि दुसऱ्या देशात तडजोडीची म्हणून ओळखली गेली, तिची कहाणी एवढे निश्चित सांगते की, पत कारखान्यात घडते आणि रस्त्यावर टिकते किंवा मोडते. भाड्याची मोटार हा त्या रस्त्याचा सर्वाधिक वर्दळीचा भाग आहे.