जामीनकीपासून ठेवविम्यापर्यंत

विमा म्हटले की आपल्याला आयुर्विम्याचा हप्ता आठवतो. परंतु एकावर कोसळणारे संकट अनेकांनी वाटून घ्यावे, ही कल्पना विमा कंपन्यांहून फार जुनी आहे. आपल्या वसईत तिला संस्थेचे रूप लाभले, ते सहकारातून.

बागायतदाराला भांडवलासाठी सावकाराचा उंबरठा झिजवावा लागे. सावकाराच्या चढ्या व्याजात लोभ होताच. शिवाय बुडीत कर्जाची भरपाईही दडलेली असे. एकाने बुडविलेले दहाजणांकडून वसूल होई. 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने निराळा मार्ग दाखविला. जर्मनीतील राइफायझन यांच्या नमुन्यावर ग्रामीण संस्थांच्या सभासदांचे दायित्व अमर्याद ठेवण्यात आले. संस्था बुडाली तर प्रत्येकाची मालमत्ता पणाला लागे. त्यामुळे कर्ज कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, याविषयी शेजारीच दक्ष राहत. सहकाराच्या याच लाटेत 1918 साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी वसईत पतसंस्था स्थापन केली. तीच पुढे बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. परस्परांची ओळख हे अशा संस्थांचे पहिले तारण होय.

परंतु या तारणाला एक मर्यादा आहे. मे 1618 मधील चक्रीवादळाने वसईची वाताहत केली. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पुराच्या पाण्याने वेढले गेले. अशा वेळी कर्जदार आणि जामीनदार दोघेही एकाच पाण्यात उभे असतात. जेथे सर्वांवर एकदम आघात होतो, तेथे गावकऱ्यांची परस्परमदत अपुरी पडते. जोखमीचे वर्तुळ गावाबाहेर विस्तारावे लागते.

बँकांच्या बाबतीत हा धडा देशाला 1960 साली मिळाला. त्या वर्षी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली. परिणामी 1961 साली ठेवविम्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून प्रत्येक ठेवीदारास 1,500 रुपयांपर्यंत संरक्षण मिळू लागले. हप्ता बँकेने भरायचा, ठेवीदाराने नव्हे. 1968 च्या दुरुस्तीने सहकारी बँकांनाही या छत्राखाली येण्याची वाट मोकळी झाली. 1993 साली ही मर्यादा 1 लाखावर गेली.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. आरंभी ठेवीदारांना केवळ 1,000 रुपये काढण्याची मुभा होती. मुलीच्या लग्नासाठी वा निवृत्तीसाठी ठेवलेली पुंजी डोळ्यांदेखत अडकून पडली. बँकेची बहुतांश कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे गुंतल्याचे उघड झाले. फेब्रुवारी 2020 मध्ये विम्याची मर्यादा 5 लाख झाली. निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदारांना ही रक्कम 90 दिवसांत मिळावी, अशी तरतूद 2021 मध्ये करण्यात आली.

तरीही हे 5 लाख एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवी आणि त्यांवरील व्याज मिळून आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. शिवाय विम्यामुळे एक नवा धोका संभवतो. भरपाईची हमी असली की डोळे मिटतात. 1904 च्या सभासदापाशी विमा नव्हता, पण जागरूकता होती. आपल्यापाशी विमा आहे, पण वार्षिक सर्वसाधारण सभेतील खुर्च्या रिकाम्या राहतात. संस्थेचा अहवाल वाचणे, थकीत कर्जांविषयी सभेत प्रश्न विचारणे, हा सभासदाचा हक्क आहे आणि कर्तव्यही. विमा नुकसान भरून देतो; नुकसान होऊ न देणे सभासदांच्याच हाती असते.