दगडाची मर्जी

जपानी बागेत आधी दगड बसतो. पाणी, झाडे, वाटा मागाहून येतात. बागबांधणीवरचा सर्वांत जुना जपानी ग्रंथ ‘साकुतेइकी’ अकराव्या शतकातला. त्याची सुरुवातच दगड रोवण्यापासून होते. एक मुख्य दगड पक्का करावा आणि पुढचे दगड तो मागेल तसे बसवावेत, असे तो सांगतो. मुळात आडवा असलेला धोंडा बागेत उभा केला तर घराला बाधा होते, अशी तंबीही त्यात आहे. त्या काळी बागा सरदारांच्या वाड्यांपुढे असत. वाड्याच्या दक्षिणेला तळे, तळ्यात बेट, आणि फिरायला नाव.

पुढे झेन मठांनी पाणीच काढून टाकले. क्योतोच्या र्‍योआन-जी मठात सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अंगणात पांढरी खडी पसरली आहे, तीत १५ दगड. दाताळ्याने ओढलेल्या रेघा म्हणजे लाटा, असे मानायचे. झाड एकही नाही. हिरवे म्हणावे तर दगडांच्या बुडाशी शेवाळ. ओसरीवर कुठेही बसा, एखादा दगड दुसऱ्याआड जातोच. ही मांडणी कोणाची, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. एका दगडाच्या पाठीवर मात्र दोन साधी नावे कोरलेली आहेत. ती बहुधा कावारामोनोंची असावीत. नदीकाठी राहणारी, मेलेली जनावरे सोलणारी ही माणसे विटाळाची मानली जात; तरी मठांच्या आणि शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, बागांत दगड हलवायला तीच लागत. त्यांतला झेनआमी इतका नावारूपाला आला की तो आजारी पडल्यावर शोगुन आशिकागा योशिमासाने त्याच्यासाठी औषध धाडले.

सोळाव्या शतकात चहाविधीमुळे बाग आक्रसली. चहागुरू सेन नो रिक्यूच्या परंपरेत ती चहाच्या झोपडीकडे नेणारी पायवाट झाली. पाय जपून ठेवावा लागेल अशा अंतरावर फरशा, आणि हात धुवायला मुद्दाम ठेंगणी दगडी कुंडी, म्हणजे मोठ्या सरदारालाही वाकावे लागे.

एदो काळात प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी पुन्हा ऐसपैस बागा केल्या. तळ्याभोवती चालत जावे आणि वळणावळणाला देखावा बदलावा, अशी त्यांची रचना. कुंपणाबाहेरचा डोंगरही देखाव्यात ओढून घेत. त्याला ‘शाक्केइ’, म्हणजे उसना देखावा, म्हणतात. ओकायामाची कोराकुएन बाग १७०० साली पुरी झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर आखलेले आहे. तिथे तळ्यात आणि ओढ्यात खेळते ते कालव्याचे पाणी.